साहेबानं लिहिलेलं कासव

१२ नोव्हेंबर

पटाशीला गंज चढलाय. वाकसाला त्याहून जास्त. करवत तेवढी तेलाच्या फडक्यात होती म्हणून वाचली. सुतारानं हत्यारं अशी उघड्या शेडमध्ये टाकून जायची असतात का? पळून जाणारा चोरसुद्धा आपलं सामान आवरून पळतो. विटेच्या चुऱ्यानं घासून घासून माझी बोटं सोलली, तरी पटाशी अजून तोंड वाकडं करून बसलीय.

मी आजी लिहितेय. बारकी दादा दादा करत फोन लावते तर तू कापतोस, म्हणून कागद घेतला. तिसरीत शाळा सुटलेली बाई आहे मी, चुका काढत बसू नकोस. पत्ता तुझ्या मुकादमानं दिला. माणूस भला वाटला. "काम चोख करतो, बोलत मात्र नाही," म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे होता तेव्हा याचं तोंड बंद करायला झाकण शोधावं लागायचं, तुम्ही तिकडे खायला काय घालता?

धाकट्याला पोचवून आलो आणि दुसऱ्या सकाळी तुझी खाट रिकामी. चादर घडी घालून ठेवलेली. जन्मात कधी चादरीची घडी घातली नाहीस, त्या दिवशी घातलीस.

लोक विचारतात, थोरला कुठे? मी सांगते, कामाला गेला. ते मान हलवतात. मान हलवताना मनात काय म्हणतात ते मला ऐकू येतं, कान अजून शाबूत आहेत. पाठच्या भावाला बुडवून पळाला, असं म्हणतात. मी तुला गोड करून लिहिणार नाही. आपली लाँच धक्क्याजवळ उलटली. बाकीचे पाण्यात फेकले गेले ते वाचले, धाकटा खाली इंजिनच्या खोलीत अडकला आणि आतून ठोकत राहिला. तू उपड्या लाँचवर चढलास, कुऱ्हाडीनं तळाची फळी फोडलीस आणि फोडल्याबरोबर लाँच धोंड्यासारखी खाली गेली. यातलं खोटं काय? काही नाही.

फक्त एक गोष्ट कोणी बोलत नाही, आणि ती मी धक्क्यावर उभी राहून ऐकलीय. कुऱ्हाड उचलून तू विचारलंस, "बाबा, फोडू?" आणि तुझा बाप, दुसऱ्या होडीच्या कडेला लोंबकळत होता, तिथून ओरडला, "फोड! बघतोस काय!"

हे मी त्याला घरी तोंडावर बोलले. म्हटलं, पोरगा तुझ्या शब्दावर वागला, तेवढं चार लोकांत सांग. तो भिंतीकडे बघत बसला. मग म्हणाला, "आई, लाँचही गेली, पोरगाही गेला, आता माझा परवाना जायची वेळ आलीय. मला बोलायला लावू नकोस." मी म्हटलं, पोरं दोन होती, एक अजून आहे. तर उठून बाहेर गेला. पालथ्या घड्यावर पाणी.

तो माझ्या पोटचा आहे हे मला ठाऊक आहे. तू शिकवू नकोस.

तुझी आई जेवते का, असं तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. ताट पुढे ठेवलं तर जेवते. नाही ठेवलं तर आठवण होत नाही.

उत्तर लिही.

आजी


२९ नोव्हेंबर

उत्तर आलं ते मुकादमाचं. "आपला नातू खुशाल आहे." मी मुकादमाला पत्र लिहिलं होतं का? तो बिचारा स्वतःच्या आजीला तरी लिहितो की नाही देव जाणे.

इथे नवीन ऐक. बंदर कचेरीतून लखोटा आला. धक्क्यावर येऊन पाहणी करून गेलेल्या साहेबाचा अहवाल, सगळा इंग्रजीत. आपल्या घरात इंग्रजी म्हणजे बारकी. तुझ्या बापानं तिला कॉलेजातनं आल्या आल्या, पाय धुवायच्या आधी, टेबलाशी बसवलं. ती एक एक ओळ वाचून सांगत होती. पोती किती, कुठे रचली, वारा कुठला. मधेच थांबली.

"यात कासव आहे," म्हणाली.

"काय आहे?"

"कासव, बाबा. लाँच टर्न्ड टर्टल असं लिहिलंय."

तुझा बाप उभाच राहिला. "मी कासवाला धडकवली म्हणतात? या बंदरात कासव आणलं कोणी? कुठे होतं ते, मला दाखवा म्हणावं! परवाना काढून घ्यायचा तर सरळ घ्या, कासवं कशाला घुसडता?"

"बाबा, तसं नसेल हो. ती काहीतरी म्हण असेल."

"म्हणी लिहायला पगार मिळतो त्यांना?"

तुझी आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती हसली. हसू म्हणजे काय, नाकातून हवा गेली तेवढीच. पण त्या दिवसानंतर तिच्याकडून काही बाहेर आलं ते हे पहिलं. आम्ही तिघंही तिच्याकडे बघायला लागलो तर तिनं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी बारकी कॉलेजातल्या बाईंना विचारून आली. म्हणाली, आजी, त्याचा अर्थ नुसता उलटली. साफ उलटली, तळ वर. इंग्रजीत लाँच उलटली की ती कासव होते. मी म्हटलं, का? कासव तर सरळ चालतं. मी काही कोलांट्या मारणारं कासव पाहिलेलं नाही.

तर त्याची गोष्ट अशी. फार जुन्या काळी त्यांची शिडाची जहाजं महिनोन्महिने पाण्यावर असायची. ताजं मटण मिळायचं नाही. मग कुठल्या बेटाला लागले की खलाशी किनाऱ्यावर जायचे. कासविणी अंडी घालायला वाळूत वर आलेल्या असायच्या. हे लोक एकेकीला धरून उताणी करायचे आणि पुढच्या कासविणीकडे जायचे. बांधायची गरज नाही, राखण ठेवायची गरज नाही. मोठी कासवीण उताणी पडली की तिला परत वळता येत नाही. हातपाय हलवत राहते. मग सावकाश येऊन उचलायच्या, जहाजावर न्यायच्या आणि लागेल तशी एकेक कापायची. त्यावरनं शब्द पडला. आधी खरीखुरी कासवं उलटायचे, मग उलटलेल्या बोटीलाही तेच म्हणायला लागले.

बारकी हे सगळं हौसेनं सांगत होती. नवीन काही कळलं की तिचे डोळे कसे होतात तुला माहीत आहे. अर्ध्यावर आल्यावर तिचं तिलाच कळलं आपण काय सांगतोय, आणि बाकीचं तिनं जमिनीकडे बघत उरकलं.

मी विचारलं, "म्हणजे उलटं केलं की मरत नाही?"

"नाही. म्हणून तर उलटं करायचे. ताजं राहावं म्हणून."

तुझी आई दारात कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. ती म्हणाली, "किती वेळ?"

"काय किती वेळ, आई?"

"उलटं कासव किती वेळ जगतं?"

बारकी म्हणाली, ते बाईंनी सांगितलं नाही.

आपल्याकडे लाँच उलटते, उपडी होते, पालथी होते. पालथा तर तू लहानपणी पहिल्यांदा पडलास तेव्हा आम्ही सगळे खाटेभोवती जमलो होतो, जसा काही किल्ला जिंकलास. पातेलं पालथं घालतो, वाटी पालथी घालतो. आपल्या शब्दात आत कोणी नसतं. त्यांनी शब्दातच जिवंत जनावर कोंडून ठेवलंय. तो साहेब लिहिताना एवढा विचार करून थोडाच लिहितो. पण लिहिलं बरोबर.

आजी


१० डिसेंबर

मुकादमाचं पत्र पुन्हा. "नातू कामात आहे." त्याला सांग, शाई फुकट घालवू नको.

चौकशी लागलीय, अठरा तारखेला, बंदर कचेरीत. तुला नोटीस तिकडच्या पत्त्यावर गेलीय असं कळलं. तू येणार नाहीस हे मला इथे बसून दिसतं. तरी लिहिते, ये. तू आला नाहीस तर कागदावर एवढंच राहील की सुतारानं फळी फोडली, लाँच बुडाली, सुतार फरार. पुढची माणसं तोच कागद वाचतील. तुझ्या बापाच्या मनात काय आहे सांगू? तो काही तुझ्यावर ढकलणार नाही. तो नुसता गप्प बसेल. ढकलायला तेवढं पुरतं.

मी भांडी घासताना एक करून पाहिलं. बादलीत पाणी घेतलं आणि पातेलं पालथं दाबलं. दाबून ठेवता येत नाही, वर उसळी मारतं, आत हवा असते ना. मग ते जुनं पातेलं घेतलं, बुडाला भोक पडलेलं. ते दाबलं तर बुडबुडे आले आणि खाली गेलं. झालं. हे मी आयुष्यभर रोज बघत आलेय. धक्क्यावर उभी होते तेव्हा एकदाही डोक्यात आलं नाही. तिथे एवढी माणसं होती, सगळी पाण्यावर पोट भरणारी. खलाशी, हमाल, दोन होड्यांचे मालक. एकही जण म्हणाला नाही की फोडू नको. उलट सगळे ओरडत होते, फोड, फोड.

तू काय केलंस ते मला कळतं. शेडमध्ये लाँच दुरुस्तीला आली की तुम्ही ती उपडी घालता, तळाला टकटक करून कुजकी फळी शोधता, कुऱ्हाडीनं काढता आणि नवी ठोकता. पोरसवदा होतास तेव्हापासून हेच केलंस. तुझ्या पुढ्यात उपडी लाँच आली, खालून टकटक आली, हातानं जे येत होतं ते केलं. फरक एवढाच की खाली शेडची जमीन नव्हती. आपण लाँच जमिनीवर उपडी करतो आणि पाण्यावर सुलटी ठेवतो. पाण्यावर उपडी झालेल्या लाँचशी कसं वागायचं, ते आपल्यात कोणाला येत नव्हतं. ना तुला, ना तुझ्या बापाला, ना मला.

हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. बरं वाटायचं औषध माझ्याकडे असतं तर आधी तुझ्या आईला पाजलं असतं.

अठरा तारीख. सकाळची गाडी पकडलीस तर पोचशील.

आजी


२० डिसेंबर

आला नाहीस.

मी गेले. तुझा बाप नको म्हणत होता. "तुझे गुडघे, तिथले जिने." मी म्हटलं, जिने माझ्या गुडघ्यांना काय करायचं ते करतील, तू तुझं बघ. तुझी आईही निघाली. चपला घालून दाराशी उभी. कोणी बोलावलं नव्हतं तिला.

खोली छोटी, पंखा कुरकुरणारा, भिंतीवर बंदराचा नकाशा. चौकशीचा साहेब तरुण, तुझ्याहून चार वर्षांनी मोठा असेल. माणूस वाईट नव्हता. आधी खलाशांना विचारलं, मग पोती रचणाऱ्या हमालांना. पोती वर जास्त झाली होती हे निघालंच. तुझ्या बापानं ते कबूल केलं. खालच्या खणात पाणी झिरपत होतं, सिमेंट भिजेल म्हणून वर रचली, म्हणाला. वळताना पोती सरकली आणि गेली लाँच. इथपर्यंत नीट बोलला.

मग साहेब म्हणाला, "तळ फोडायला कोणी सांगितलं?"

तुझ्या बापानं टोपी एका गुडघ्यावरून काढली आणि दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.

"गडबड होती, साहेब. सगळेच ओरडत होते."

"तुमच्या मुलानं स्वतःहून फोडला?"

तो भिंतीवरच्या नकाशाकडे बघायला लागला.

मी उठले. साहेब म्हणाला, "आजी, बसा तुम्ही."

"उभी राहिले तरी तेवढीच दिसते. ऐका. पोरानं विचारलं होतं, फोडू का. फोड म्हणणारा हा."

"तुम्ही कोण?"

"याची आई. म्हणून तर आवाज ओळखला."

तुझा बाप खालच्या आवाजात म्हणाला, "आई, घरी बोलू."

"घरी बोलले. घरी तू भिंतीला ऐकवतोस."

लिहिणाऱ्या कारकुनाचा हात थांबला होता. साहेब तुझ्या बापाकडे बघत होता. घाई केली नाही त्यानं, हे मान्य करते. मग तुझा बाप म्हणाला, "हो. मी म्हटलं, फोड." पुन्हा म्हणाला, "मीच म्हटलं." आणि टोपी तोंडावर धरली. साठीला आलेला माणूस. मला त्याच्याजवळ जावंसं वाटलं नाही. खोटं कशाला लिहू, वाटलं, पण गेले नाही.

तर तुझ्यावरचं ते उतरलं. कागदावर आलंय आता. बंदरात दुपारपर्यंत पसरलं. दुकानदारीण मला म्हणाली, "अहो, थोरल्याची काही चूकच नव्हती तर!" मी म्हटलं, काल काय म्हणत होतीस? तर तिला आत काहीतरी उकळत असल्याचं आठवलं.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण लिहिते. साहेबानं शेवटी सांगितलं की अशी लाँच उलटली तर तळ फोडायचा नसतो. आत अडकलेली हवा तिला धरून ठेवते. बाहेरून बांधायची, ओढणाऱ्या बोटीची वाट बघायची, पाणबुडे खालून जातात. ओढणारी बोट निघालेली होती, पलीकडच्या धक्क्यावरून.

तुझी आई उभी राहिली. लग्न होऊन आली तेव्हापासून परक्या पुरुषासमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती. म्हणाली, "म्हणजे फोडली नसती तर वाचला असता?"

साहेबानं चष्मा काढला. "तसं खात्रीनं नाही सांगता येत, ताई. खोलीत आधीच पाणी भरत असेल तर थोडाच वेळ होता. आतून ठोकण्याचा आवाज येत होता म्हणतात. तो कधी थांबला त्यावर आहे. फळी फुटायच्या आधी थांबला असेल, तर तुमच्या मुलानं काही केलं नसतं तरी..."

"आणि नंतर थांबला असेल तर?"

त्यानं चष्मा परत घातला.

खलाशांना विचारलं. कोणाला माहीत नाही. सगळे पाण्यात किंवा होड्यांवर, आरडाओरडा चाललेला. धक्क्यापर्यंत तर ते ठोकणं ऐकू येतच नव्हतं, ते मी सांगते. लाँचवर एकटा तू होतास. फळीला कान लावून पडला होतास, ते मी पाहिलं. दोनदा कान लावलास. एकदा कुऱ्हाड मारायच्या आधी, आणि एकदा मधेच थांबून.

आजी


४ जानेवारी

तुझा बाप शेडमध्ये झोपायला जातो. परवाना गेला. मला "आई" म्हणत नाही, "जेवायला वाढा" म्हणतो. मी वाढते. त्यानं हे पुढे कधीतरी गिळलं तर गिळलं, नाहीतर मी काही त्याच्या रुसव्यावर जगत नाही.

तुझी हत्यारं घासून झाली. तेल लावून पेटीत घातलीत. विकायची की ठेवायची ते तू सांग. कोणी तरी वापरली पाहिजेत, लोखंड असं ठेवून राहत नाही.

आता खरं ते. चौकशीहून आल्यापासून तुझी आई एकच विचारते. मला विचारते, बारकीला विचारते, भिंतीला विचारते. ठोकणं आधी थांबलं का नंतर. परवा पोळ्या लाटताना लाटणं ओट्यावर आपटत होती. टक, टक. मग हात थांबवून ऐकायची. मी लाटणं काढून घेतलं. तिनं दिलं, भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं.

बारकी मला म्हणाली, "आजी, दादाच्या नावानं तूच लिही ना, आधी थांबलं होतं म्हणून. आईला काय कळणार?" पोरगी हुशार आहे, पण कोवळी आहे. मी विचार केला नाही असं नाही. कागदही पुढे घेतला होता. तुझं अक्षर मला काढता येतं, पहिलीत मीच गिरवून घेतलं होतं. पण ती आई आहे. तुम्ही दोघं दाराआड काय चोरून खाताय ते तिला चुलीपाशी बसून कळायचं. माझं खोटं ती पहिल्या ओळीत ओळखेल, आणि मग तिला वाटेल की खरं याहून वाईट आहे.

आणि खरं काय ते मला माहीत नाही. ते फक्त तुला माहीत आहे. म्हणून तू गेलास हे आता मला कळलं. लोकांच्या बोलण्यानं नाही गेलास, बापाच्या गप्प बसण्यानंही नाही. घरात राहिलास तर एक दिवस ती तुला विचारेल, म्हणून गेलास. चादरीची घडी घालून गेलास.

आधी थांबलं होतं असेल तर तिला सांग. ती रडेल, मग कदाचित जेवेल. नंतर थांबलं असेल तरी सांग. त्यावर ती काय करेल मला ठाऊक नाही. तुझं तोंड बघणार नाही, नाहीतर पहिल्या गाडीनं तिकडे येऊन उभी राहील. मी तिला एवढी वर्षं बघतेय, तरी सांगता येत नाही. पण ती आत्ता जशी आहे, तशी तिला ठेवता येणार नाही. ती धड इकडची नाही, तिकडची नाही. बसते, उठते, ऐकते.

तुला ऐकू आलंच नसेल, लाटांत, आरडाओरड्यात, तर तेही लिही. ते सगळ्यात वाईट, पण तेही उत्तरच आहे.

मला गोड लिहायचं तर खुशाल खोटं लिही. माझं वय झालं, मला चालतं. तिला नाही.

मुकादमाकडून लिहून घ्यायचं नाही. बारकीला फोन करून निरोप द्यायचा नाही. तिच्याआधी माझ्या नावानं पाकीट आलं तर मी ते न फोडता परत पाठवीन. तू लिहायचं, तुझ्या हातानं, आणि पाकिटावर तुझ्या आईचं नाव घालायचं.